पावागडच्या वाटेवर रानफुलं आणि झाडं ओळखायची तर: बडोद्याहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पावागडला आपण बडोदेकर लहानपणापासून जातो. कालिकामातेचं दर्शन, माचीवर चहा-नाश्ता, रोपवेची रांग आणि संध्याकाळच्या आत घरी. मीही अशीच जायचे. नऊ वर्षांपूर्वी श्रावणात पायवाटेच्या कडेला कळलावीचं फूल दिसलं. आईने कधीतरी नाव सांगितलं होतं म्हणून ओळखता आलं. मग आजूबाजूला पाहिलं, तर त्या फुलाभोवतीच्या एकाही झाडाचं नाव मला येत नव्हतं. ज्या डोंगरावर आयुष्यभर आलो, तिथल्या कुणालाच आपण ओळखत नाही याचं फार वाईट वाटलं.

त्या दिवशी मी सत्तरएक फोटो काढले. घरी येऊन पाहते तो सगळे फक्त फुलांचे. पान नाही, खोड नाही. त्यातलं एकही झाड पक्कं ओळखता आलं नाही. पुढची दोन वर्षं अशाच चुकांत गेली. तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: शिखर गाठायचं मनातून काढून टाका. वाटेचा एक तुकडा धरा आणि वर्षभर त्याच तुकड्यावर परत परत जा.

१. वाट ठरवा

बडोद्याहून पावागड साधारण ५० किलोमीटर. एसटी स्टँडवरून थेट बस मिळते, नाहीतर हालोलला उतरून पुढे जाता येतं. पायथ्याशी चांपानेर आहे. चांपानेर-पावागडला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा पडक्या भिंतींवर चढणं, दगड हलवणं, खुणा करणं हे काही करायचं नाही.

पायथ्यापासून माचीपर्यंत गाडीरस्ता आहे आणि जुनी पायवाटही आहे. ही पायवाट अटक दरवाजा, बुढिया दरवाजा अशा जुन्या दरवाजांमधून वर चढते. आपल्याला हवी ती हीच. गाडीने माची गाठलीत तर मधलं सगळं रान हुकतं, आणि माचीच्या वर पायऱ्या, दुकानं आणि गर्दी.

या वाटेवरचा एक किलोमीटर निवडा, जास्त नको. माझा तुकडा दरवाजाच्या कमानीपासून मोहाच्या एका मोठ्या झाडापर्यंतचा आहे, त्याला मला तीन तास लागतात. तीन तासांत एक किलोमीटर ऐकून नवे लोक चमकतात, पण झाडं बघायची म्हणजे थांबायचंच.

चढताना पायाखालचा दगडही बघा. खाली काळा बसाल्ट आहे. वरच्या भागात फिकट रंगाचा रायोलाइट लागतो, आणि त्यासाठी पावागड भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. जिथे माती जेमतेम वीतभर आणि खडक उघडा, तिथे पांढऱ्या खोडाच्या कडायासारखी झाडं उभी दिसतात. ओढ्याकाठी झाडांची मंडळी वेगळी. हीच पाणलोटाची बाजू आपल्या विश्वामित्रीचीही आहे. काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून वाहते ती नदी या डोंगरात उगम पावते.

२. केव्हा जायचं

बहुतेक जण पावसाळ्यात सुरुवात करतात, कारण तेव्हा हिरवं असतं. माझं मत उलटं आहे. फाल्गुनात सुरुवात करा. पानं झडलेली असतात, खोड स्वच्छ दिसतं, आणि फुललेली झाडं लांबूनच हाक मारतात. पावसाळ्यात सगळं एकात एक मिसळून हिरवं होतं, आणि नवख्या माणसाला काहीच वेगळं काढता येत नाही.

- माघ-फाल्गुन: पळस, काटेसावर, पांगारा. कडायाचा पांढरा सांगाडा.
- चैत्र: मोह. फुलं पहाटे गळतात, नऊनंतर गेलात तर गोळा करणाऱ्यांनी झाडाखालची जमीन साफ केलेली असते.
- वैशाख-ज्येष्ठ: बहावा, कुडा, पिकलेल्या रायणी.
- आषाढ-श्रावण: काळी मुसळी, पांढरी मुसळी, कळलावी.
- भाद्रपद-आश्विन: तेरडा, केना, कुर्डू, मुरुडशेंग.
- कार्तिक ते पौष: शेंगा आणि बिया. हे महिने कंटाळवाणे वाटतात, पण फुलात न कळलेली झाडं फळावरून कळतात.

दोन्ही नवरात्रं, पौर्णिमा आणि रविवार टाळा. वाट भाविकांची आहे. त्यांच्या मध्ये बसून भिंगातून पान बघणं त्यांनाही अडचणीचं आणि आपल्यालाही.

३. सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. याच्याइतका उपयोगी पैसा मी दुसऱ्या कशावर घातला नाही. वही आणि पेन्सिल (पेनाची शाई पावसात पसरते), पंधरा सेंटिमीटरची पट्टी, चिकटपट्टीचं एक रीळ (का ते पुढे सांगते). दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यावर येणारे बूट, टोपी. खाऊ पिशवीत झाकून ठेवा, हातात धरलात तर वानरं ओढून नेतात.

कागदपत्रांत ओळखपत्र आणि त्याची एक झेरॉक्स. पावागडच्या वाटेला ती सहसा लागत नाही, पण पुढे अभयारण्यात जायचं ठरलं तर वनखात्याकडे नोंद करताना लागते. मी एकदा झेरॉक्स न घेता एका नाक्यावर पोचले आणि सकाळचे दोन तास, म्हणजे फुलं बघायची नेमकी वेळ, गावात झेरॉक्सचं दुकान शोधण्यात गेली.

४. आधी कमाटीबागेत दोन सकाळी

सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग केली आणि शहरात मोठी झाडं जवळून बघायला याहून सोयीची जागा नाही. तिथे फक्त एवढं करा: पाच झाडं निवडा आणि फुलाकडे न बघता त्यांची पानं काढा. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. पान साधं आहे की संयुक्त (एकाच देठावर अनेक छोटी पानं), समोरासमोर आहे की एकाआड एक, कडा सरळ की करवती, एवढं कागदावर उतरलं की पुरे. हे डोळ्याला वळण लागल्याशिवाय डोंगरावर गेलात तर सगळं हिरवं एकसारखं दिसेल.

५. झाड खालून वर वाचा

आधी खोड, मग पान, मग चीक किंवा वास, आणि सगळ्यात शेवटी फूल. फूल वर्षातून पंधरा दिवस असतं, खोड बारा महिने.

ऐन ओळखायला बडोदेकरांना अवघड जाऊ नये. त्याची साल चौकोनी खवल्यांत फुटलेली असते, थेट मगरीच्या पाठीसारखी. विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर आठवा आणि खोडाकडे बघा. खात्री करायची तर पान उलटं करा, देठाजवळ दोन बारीक गाठी दिसतात. टेंभुर्णीची सालही चौकोनी फुटते, पण ती कोळशासारखी काळी. धावड्याची साल फिकट आणि गुळगुळीत. साग सगळ्यांना येतो असं वाटतं, तरी एकदा त्याचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लाल होतो. गळून पडलेलं ताजं पान मिळालं तरच, झाडाचं तोडू नका.

कडाया एकदा पाहिलात की विसरणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पूर्ण निष्पर्ण, खोड पांढरंफटक, वरची साल कागदासारखी सुटणारी. चांदण्यात तर अंगावर काटा येतो असं तिथले लोक सांगतात. फळं पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, लाल मखमली. त्या मखमलीला हात लावू नका, तिचे केस बोटात रुततात.

आता पळस. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण वापरतो, पण ती ओळख म्हणून अर्धीच आहे. पांगाऱ्यालाही पानं तीनच असतात. पांगाऱ्याच्या फांदीवर काटे असतात, पळसाला नसतात. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं, हातात घेतलं की कडकडतं. एक फूल मुद्दाम जवळून बघा: देठाकडचा पेला काळपट तपकिरी मखमली, त्यातून शेंदरी पाकळ्या आणि त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. त्या पाकळ्यांवरही बारीक रेशमी लव असते, ती भिंगाशिवाय दिसत नाही. मी पन्नास वर्षांची होईपर्यंत केसुड्याच्या, म्हणजे याच फुलांच्या, पाण्याने होळी खेळले होते, पण ही लव पहिल्यांदा पाहिली ती या वाटेवर.

कुडा आणि काळा कुडा यांत सगळे फसतात. दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे पांढरे तंतू असतात, कुड्याचं फूल मध्ये मोकळं. शेंगा बघाल तर काळ्या कुड्याची जोडी कोवळी असताना खालच्या टोकाशी जुळलेली असते, कुड्याच्या दोन्ही शेंगा सुट्या. फोनवरचं ॲप या दोघांत माझ्यासमोर कितीदा तरी गडबडलं आहे.

आणि दसऱ्याआधी जाणार असाल तर आपटा आणि कांचन वेगळे करायला शिकाच. आपट्याचं पान लहान, चिवट, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. दर दसऱ्याला सोनं म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडलेल्या दिसतात. आपट्याच्याही ओरबाडू नयेत. आमच्या घरी आता एकच पान देवापुढे ठेवतात आणि बाकी नुसता नमस्कार.

६. रानफुलांसाठी खाली बसा

उभ्याने रानफुलं दिसत नाहीत. पावसाच्या पहिल्या दोन आठवड्यांत वाटेच्या कडेला बसा आणि गवत हलकेच बाजूला सारा. काळ्या मुसळीची पिवळी, सहा पाकळ्यांची चांदणी अगदी जमिनीला टेकलेली असते, पानांच्या बुडाशी. वरून फक्त गवतासारखी पानं दिसतात. पांढऱ्या मुसळीचा दांडा मात्र वर येतो, त्यावर पांढरी फुलं आणि आत पिवळे पुंकेसर.

कळलावी वेलासारखी चढते आणि तिची युक्ती बघण्यासारखी आहे: पानाचं टोकच लांबून तणावा होतं आणि शेजारच्या झुडपाला विळखा घालतं. फूल उमलताना हिरवट पिवळं, मग पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात आणि हळूहळू लाल होत जातात. एकाच वेलावर सगळ्या अवस्था सापडतात. ही पूर्ण वनस्पती विषारी आहे, कंद तर फारच. मुलं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा.

मुरुडशेंग झुडूप आहे, म्हणून लोक तिला मोजत नाहीत. बाळगुटीतली पिळदार शेंग घरोघरी उगाळलेली असते, पण तिचं फूल किती जणांनी पाहिलंय? लालभडक उमलतं आणि जुनं होताना निळसर राखाडी होतं. एकाच फांदीवर दोन्ही रंग असतात, आणि सकाळी शिंजीर तिथे येतोच.

७. इथलं कोण, बाहेरून आलेलं कोण

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण इथेच आपण नावांना भुलतो.

वाटेवर सीताफळाची झाडं भरपूर दिसतील. नावात सीता आहे, आश्विनात टोपल्या भरून विकायला येतात, मग इथलंच वाटतं. पण सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. देवळाजवळचा खुरचाफाही तिकडचाच. गुलमोहर मादागास्करचा. आपली चिंच आफ्रिकेतून फार जुन्या काळी आलेली. गोरखचिंचही आफ्रिकेची. बडोदा-पंचमहाल भागात तिचे प्रचंड जुने वृक्ष आहेत आणि लोक त्यांना मान देतात, तो द्यावाच. फक्त वहीत ‘मूळ इथलं’ असं लिहू नये.

ही झाली निरुपद्रवी पाहुणे मंडळी. दुसरी मंडळी रान गिळणारी आहे. घाणेरी शोभेची म्हणून आणली गेली आणि आज वाटेच्या कडेने तिच्या भिंती झाल्या आहेत. फुलं गोड दिसतात, फुलपाखरं येतात, त्यामुळे नवे लोक पहिला फोटो तिचाच काढतात. तिच्या खाली वाकून बघा, मुसळीचं एक रोप दिसणार नाही. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्याजवळ नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. गुजरातीत ज्याला गांडो बावळ म्हणतात ती वेडी बाभूळ मध्य अमेरिकेकडची. एकदांडी, पिवळा धोत्रा, सुबाभूळ, हे सगळे बाहेरचे.

मी वहीत दोन रकाने करते, इथलं आणि आलेलं. पहिल्या वर्षी माझ्या वाटेवरच्या फुलांच्या यादीत ‘आलेलं’ बाजू मोठी होती. ते बघून धसका बसला, पण त्यानंतर घाणेरीच्या मधून डोकं काढणारी कळलावी दिसली की जास्त आनंद होऊ लागला.

८. प्रत्येक झाडाची दोन नावं लिहा

आपण मराठी नावं घेऊन जातो आणि डोंगरावर ज्यांना झाडं खरी माहीत आहेत ती माणसं गुजराती बोलतात. त्यामुळे जोडीने पाठ करा: पळस म्हणजे खाखरो, त्याची फुलं केसूडां. बहावा गरमाळो, काटेसावर शीमळो, ऐन सादड, टेंभुर्णी टीमरु, मोई मोदड, मोह महुडो, मुरुडशेंग मरडाशिंगी.

माझी मोठी फजिती ‘कडो’ आणि ‘कडायो’ यांत झाली. मोह वेचणाऱ्या एका मासींना मी विचारलं, “मासी, आ झाडनुं नाम शुं?” त्या म्हणाल्या कडो, मी ऐकलं कडायो, आणि वर्षभर कुड्याच्या नोंदी कडायाच्या पानावर करत राहिले. पुढच्या चैत्रात त्याच मासी भेटल्या. मी वही वाचून दाखवली, तर त्यांनी माझा हात धरून मला वरच्या खडकावरच्या पांढऱ्या खोडापाशी नेलं आणि म्हणाल्या, “बेन, आ कडायो. पेलो तो कडो.” तेव्हापासून नाव ऐकलं की लगेच झाडाला हात लावून पुन्हा विचारते. तुम्हीही तसंच करा. आणि जे लोक रोजीसाठी मोह किंवा टीमरुपान वेचत असतात त्यांचा पहाटेचा वेळ मोलाचा असतो, त्यांना काम संपल्यावर विचारा.

९. फोटो आणि नोंद

एका झाडाचे पाच फोटो: पूर्ण झाड, खोड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल किंवा फळ. पट्टी शेजारी ठेवून. वहीत तारीख, जागा, खडक की ओढा, सोबत कोणतं झाड. ॲपने सांगितलेलं नाव पेन्सिलने लिहा आणि स्वतः खूण पटल्यावरच पक्कं करा.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकलीत तर जाणकार नाव दुरुस्त करतात. पण पांढऱ्या मुसळीसारख्या वनस्पतीची नेमकी जागा जाहीर करू नका. तिच्या मुळ्यांना बाजारात भाव आहे आणि त्या खणून नेल्या जातात. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा.

१०. जपायचं कशापासून

खाजकुइली. कार्तिकापासून तिच्या सोनेरी मखमली शेंगा झुडपांवर लोंबतात आणि हात लावावासा वाटतो. मी लावला होता. वाऱ्यावरही तिची लव उडते. अंगावर पडली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, लव तिच्यासोबत निघते, मग धुवा. चिकटपट्टी सोबत घ्यायला सांगितली ती याचसाठी.

कड्यांवर आग्या मोहोळ असतं, त्याखाली अत्तर लावून, मोठ्याने बोलत जाऊ नये. दगड उचलून बघू नका, खाली घोणस असू शकते. या टापूत बिबटे आहेत, सूर्यास्ताच्या दीड तास आधी खाली उतरायला लागा. पावसात शेवाळलेल्या फरशांवर उतरणं चढण्यापेक्षा धोक्याचं.

११. वर्षभरानंतर जांबुघोडा

एका वाटेवर चाळीसएक झाडं हात न लावता, नुसत्या खोडावरून ओळखता येऊ लागली की जांबुघोड्याला जा. ते अभयारण्य आहे, तिथे बिबटे आणि अस्वलं आहेत. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय आत शिरू नका, आणि आतून पान, फूल, बी काहीही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. मोह बघायचा तर चैत्रात आदल्या रात्री जवळ मुक्काम करा. पहाटे पाचच्या सुमाराला झाडाखाली उभं राहिलं की फुलं एकेक करून वाळलेल्या पानांवर पडतात. टप, जरा वेळाने पुन्हा टप. तेव्हा टॉर्च बंद ठेवा.